अठ्ठेचाळीस तावदानं आणि आत शिरलेलं पाणी

आर्द्रा लागून चार-पाच दिवस झाले होते तेव्हा पहिला फोटो आला. पाठवणारे नांदेडचे, नवरीचे मामा. फोटोत आमचंच तावदान: दोन काचांमध्ये गोकर्णाच्या तीन पाकळ्या, जवसाची काडी, आवळ्याचं पान. डाव्या कडेकडून एक तपकिरी नकाशा आत सरकला होता, कागदावर चहाची बशी टेकवल्यावर उमटतो तसा. खाली एकच ओळ: "ताई, हे असं कामून झालं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढचे पाच आठवडे ते शोधण्यात गेले. दाबून वाळवलेली फुलं काचेत बसवणाऱ्या आणखी कुणावर हीच पाळी येऊ शकते, म्हणून सगळं प्रकरण जसं घडलं तसं मांडते.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औशाचे. काम घरातच चालतं. हात तिघींचे: मी, माझी जाऊ आणि शेजारची बारावी झालेली मुलगी. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. फुलं दाबण्याचा नाद हर्बेरियमच्या, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या, शिटा करतानाच लागला. काच आणि डाख (सोल्डर) हे मात्र पुढे, पडत-झडत शिकले.

ऑर्डर लग्नातल्या परतभेटीची होती. सहा बाय चार इंचाची ४८ तावदानं, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे १२,००० ची. आमच्यासाठी तोवरची सगळ्यात मोठी. फुलं आपल्याच मातीतली हवीत, दुकानातली परदेशी नकोत, एवढाच नवरीचा आग्रह. मला तो फार आवडला. आमच्याकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, सगळं गाव शेतात असतं. आंबील, भज्जी, उंडे खाऊन लोक झाडाखाली आडवे होतात, आणि मी जुनी टेलिफोन डिरेक्टरी काखेत मारून बांधाबांधाने फिरते. जवस तेव्हा निळ्या फुलांवर असतो. पण त्याचं फूल सकाळचंच, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. म्हणून खुडायचं आणि तिथंच पानांत घालायचं, घरी नेऊन मग बघू म्हणायची सोय नाही. करडई जानेवारीच्या पुढे. तिचे काटे हाताला लागतात, पण पाकळ्यांचा पिवळा जुना होत जाताना शेंदरी-लाल होतो आणि एकाच बोंडात दोन्ही रंग मिळतात. गोकर्ण परसातला, बोगनवेल तहसीलच्या कुंपणावरची, बटण शेवंती बाजारातली.

एक फूल मात्र आम्ही घेत नाही, ते गाजरगवताचं. काचेत ते पांढऱ्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखं सुरेख दिसतं आणि रस्त्याकडेला फुकट, ढिगाने मिळतं. जाऊबाईंनी पहिल्या वर्षी पदरभर आणलं होतं. दोन दिवसांत मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ. ती ॲलर्जी पुन्हा पुन्हा उलटते, त्या वाटेला जाऊ नका.

आता तावदान कसं होतं ते सांगते, कारण चूक त्यातच दडली होती. दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेचे दोन तुकडे. कडा पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून बोथट करायच्या. काच पुसून कोरडी करायची, फुलं मांडायची, वर दुसरी काच ठेवायची. चारही कडांना पाव इंच रुंदीची चिकट तांब्याची पट्टी गुंडाळायची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर पट्टी काचेवर दुमडते. त्या पट्टीवर फ्लक्स लावून कथील-शिशाचा डाख ओढायचा. हीच ती तांब्याच्या पट्टीची पद्धत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या टिफनीच्या कारखान्याने रंगीत काचेच्या दिव्यांसाठी नावारूपाला आणलेली. फ्लक्सचं काम तांब्यावरचा मळ खाऊन डाखाला पकड देण्याचं. आपला कल्हईवाला नवसागर टाकतो तो त्याचसाठी. आम्ही वापरत होतो तो पातळ होता, झिंक क्लोराइडचा. तो आम्लधर्मी असतो आणि काम झाल्यावर धुऊन काढावा लागतो, नाहीतर पट्टीवर हिरवट-पांढरा लोणा धरतो.

(डाखात शिसं आहे, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नाही, लहान मुलं आसपास नाहीत आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. आमच्या घरात हा नियम आहे आणि तो पाळला जातो.)

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माल गेला. लग्न झालं. कौतुकाचे फोनही आले. मग मृगाचा पाऊस झाला, आर्द्रा लागल्या, आणि तो फोटो.

दुसरा फोटो चार दिवसांनी, मग एकाच दिवशी तीन. नवरीच्या आईचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त लागलं. "पैशाचं काही नाही हो ताई. पण लग्नातली वस्तू महिन्यात नासली की बायका काय बोलतात, तुम्हाला ठाऊक आहे." ठाऊक होतं. मी म्हटलं, खराब झालेलं एकूण एक बदलून देते, फक्त कुणाकडचं कसं झालंय त्याचे फोटो मिळवून द्या, आणि मागच्या बाजूच्या कोपऱ्यातला आकडा दिसू द्या.

त्या आकड्याने आम्हाला वाचवलं. प्रत्येक तावदानाच्या पाठीमागे मी मार्करने क्रमांक टाकते आणि वहीत त्यापुढे तारीख, फुलं, डाख कुणी दिला हे लिहिते. हिशेबासाठीची ही सवय. तपासाला कामी येईल असं मनातही नव्हतं.

मामांनी खटपट करून ३१ तावदानांचे फोटो मिळवले. १७ ठणठणीत, १४ खराब.

पहिला संशय सगळ्यांना येतो तोच मलाही आला: फुलं ओली राहिली. पण ते पटेना. जवस डिसेंबरचा, करडई जानेवारीची. टीपकागद बदलत, नट-बोल्टच्या फळ्यांत दाबून तीन-तीन आठवडे ठेवलेली. गालाला लावून पाहायची हर्बेरियमवाल्यांची जुनी खूण आहे, फुलात ओल असली तर गालाला गार लागतं. माझी फुलं गार नव्हती, पापडासारखी वाजत होती. काचेच्या दुकानदाराचं मत, काच घामेजली. फ्रेमवाला म्हणाला, कडेला सिलिकॉन मारा, विषय संपला. त्यावर मी जवळजवळ गेलेच होते. पण स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा आंबट वास सोडणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. म्हणजे फुलाशेजारी आणखी एक आम्ल आणून ठेवायचं. शिवाय पाणी कुठून आलं हे कळायच्या आधी दार लावून घेतलं, तर ते आतच कोंडलं जाणार.

मग एका रात्री सगळे फोटो मोबाइलवर ओळीने लावले आणि फुलांकडे न बघता फक्त डाग बघितले. तेव्हा ध्यानात आलं की हा एक आजार नव्हे, दोन आहेत.

नऊ तावदानांत डाग कडेपासून सुरू होऊन आत आला होता. पाचांत कडा स्वच्छ होत्या; शेवंतीच्या मधल्या गोंड्याभोवती काच धुरकट झाली होती आणि दोघांत तर करड्या लवेचा गोल दिसत होता. बुरशी. दोन्ही प्रकार मी "ओल" या एकाच शब्दात कोंबले होते, म्हणून गुंता सुटत नव्हता.

कडेच्या नऊंपासून सुरुवात केली. वही उघडली: नऊपैकी आठांवर १७ आणि १८ मेची तारीख. माल पाठवताना ३ तावदानं जास्तीची म्हणून घरी ठेवली होती, त्यातलं ३७ क्रमांकाचं १८ तारखेचंच. कपाटातून काढलं. त्याच्याही खालच्या कोपऱ्यात डाग होता, मी इतके दिवस पाहिलाच नव्हता. आणि त्या डागात गोकर्णाची पाकळी निळी नव्हती. कडेला गुलाबी, मग जांभळी, आणि आत जाता जाता तिचा मूळचा निळा.

मी ती पाकळी पाहून हसले, कारण हा खेळ आमच्या घरातलं शेंबडं पोरही ओळखतं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं-गुलाबी होतं, खायचा सोडा टाकला की हिरवट. गोकर्णाचा निळा रंग म्हणजे अँथोसायनिन, आम्ल लागलं की तो रंग पालटतो. पावसाच्या पाण्याने पाकळी अशी गुलाबी झाली नसती. हवेतल्या ओलीनेही नाही. कडेतून आत आला होता तो फ्लक्स, धुण्याच्या पाण्यात मिसळून.

पण तोच फ्लक्स, तीच बादली, तेच हात बाकीच्या दिवशीही होते. मग १७-१८ लाच का?

जाऊबाईंना आठवलं. त्या दोन्ही दिवशी सकाळी लाइट गेली ती दुपारी तीनला आली. एरवी डाख दिल्यावर तावदानं रात्रभर पाटावर पडून राहतात आणि सकाळी गार झालेली धुतो. त्या दोन दिवशी मात्र घाई. सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं की तावदान लगेच साबणाच्या बादलीत. "हाताला चटका बसत होता, तरी बुडवायलो होतो आपण," त्या म्हणाल्या.

इथे थोडं थांबते, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच आहे. साठ-चाळीसचा, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिशाचा, डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो. चारही कडांवरून त्याहून तापलेलं लोखंड फिरलं की दोन काचांमधली हवाही तापते. तीस अंशांची हवा साठावर गेली तर साधारण एक दशांशाने फुगते आणि डाखातल्या बारीक छिद्रांतून, विशेषतः कोपऱ्यांवरून, बाहेर पडते. असं गरम तावदान गार पाण्यात बुडवलं की आतली उरलेली हवा आक्रसते आणि त्याच छिद्रांतून पाणी ओढून घेते. पाणी नुसतं झिरपत नाही, चोखलं जातं. आणि एकदा आत आलं की दोन काचांमधली ती कागदाएवढी फट केशाकर्षणाने त्याला पुढे नेत राहते. पहिल्या दिवशी कोपऱ्यात जोंधळ्याएवढा थेंब असेल, तो पट्टीखाली लपतो आणि दिसत नाही. नांदेडला पोचेपर्यंत तो पाकळीपर्यंत गेलेला असतो.

खात्रीसाठी सहा तुकडे केले. आत फूल नाही, गोकर्णाच्या पाण्यात बुचकळून खडखडीत वाळवलेल्या टीपकागदाच्या पट्ट्या. दोन तावदानं डाख दिल्या दिल्या बुडवली, दोन पूर्ण गार करून बुडवली, दोन बुडवलीच नाहीत, ओल्या फडक्याने पुसली. गरम बुडवलेल्या दोन्हींत मिनिटाच्या आत कोपरे गुलाबी झाले. पट्टीवर रंग चढताना डोळ्यांनी दिसत होता. गारमधल्या एकाचा एक कोपरा तासाभराने गुलाबी झाला. पुसलेली दोन आजही निळी आहेत. नऊंपैकी जे एक १७-१८ चं नव्हतं, त्या चौथ्या क्रमांकाच्या काचेचा कोपरा टवका उडालेला निघाला. गारमध्ये एक का भिजलं त्याचं उत्तर बहुधा त्यातच असावं.

राहिली शेवंतीची पाच. ती वेगवेगळ्या तारखांची होती, डाख देणारे हात वेगळे, धुणं गार झाल्यावरचं. वहीत काहीच जुळेना. मी चार दिवस त्यावर डोकं घासत होते आणि उत्तर सासूबाईंनी दिलं, तेही मला न विचारता. मी तावदान उघडून धुरकट काच त्यांना दाखवत होते, फुलं मे महिन्यात वाजत होती हो, असं पुन्हा सांगत होते. त्या म्हणाल्या, "वाजत व्हती ती गच्चीवर. तू बसवलीस कुठं? कूलरपाशीच ना? माझ्या कुरडया घटकाभर त्या खोलीत ठेवल्या तर मऊ पडत्यात, तुझी फुलं काय लोखंडाची हायेत?"

मराठवाड्यातला मे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर पाणी उडवत असतो. आम्ही दुपारी त्याच खोलीत बसून फुलं मांडायचो, कारण पंख्याखाली पाकळ्या उडतात आणि कूलर दुसऱ्या कोपऱ्यात वळवून ठेवता येतो. वाळलेलं फूल म्हणजे कोरडा स्पंज. भोवतालच्या हवेत ओल असेल तेवढी ते घेतं आणि तशीच काचेत बंद होतं. जवसाची किंवा बोगनवेलीची पाकळी कागदासारखी, तिच्यात पाणी मावणार किती? शेवंतीचा गोंडा मात्र गच्च. पाऊस पडून रात्री काच गार झाली की आतली वाफ तिच्यावर धुकं होऊन बसते, आणि बुरशीला एवढं पुरतं.

हे नुसतं पटून भागणार नव्हतं. जुलैत मुद्दाम कूलर लावायचीही गरज नव्हती, पावसाळी हवा म्हणजे फुकटचा कूलर. वाळलेली शेवंती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर स्टीलच्या डब्यात रात्रभर बंद केली. सकाळी गल्लीतल्या सोनाराकडे, त्यांच्या काट्यावर बरोबर १०.०० ग्रॅम घेतली. तीन तास उघड्या ताटात ठेवली. परत काट्यावर: ११.०६. सोनारकाका म्हणाले, "असं सोनं वाढत असतं तर काय पाहिजे होतं!" गालाला लावली तर गार लागली. म्हणजे खूण खोटी नव्हती. मी ती गच्चीवर बघत होते आणि काम खोलीत करत होते.

पुढच्या मे महिन्यात हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणलं. एका दुपारी तीनला गच्चीवर १७ टक्के होती, कूलरच्या खोलीत ६८. मधे फक्त एक जिना.

खराब तावदानं दुरुस्त होत नाहीत. आयर्नने डाख सोडवून पट्टी ओढून काढायची, काचा धुऊन परत वापरायच्या, फुलं टाकायची. आम्ही १४ च्या १४ नवीन करून दिली. माल नव्वदेक रुपयांचा प्रत्येकी लागला, मजुरीचं बोलायला नको. नवरीच्या आईने पुढे दोन ऑर्डरी मिळवून दिल्या, पण त्यातली एक घेताना पहिला प्रश्न होता, "आता पाणी तर शिरत नाही ना?"

कामात बदल झाले ते असे. पातळ फ्लक्स बंद, घट्ट पेस्टसारखा घेतो, तोही रंगाच्या बारीक ब्रशने फक्त पट्टीपुरता. बुडवणं कायमचं बंद; आधी गार होऊ द्यायचं, मग ओलं फडकं, मग कोरडं. एकदा जाऊबाईंनी फ्लक्स मारण्यासाठी सोड्याच्या पाण्याचं फडकं फिरवलं आणि एका पाकळीची कड हिरवी झाली, तेव्हा फडकं पिळायला शिकलो. टवका उडालेली काच परत दुकानात. शेवंतीचे गोंडे काढून नुसत्या पाकळ्या गोल मांडतो, मध्ये करडईचे दोन-तीन तंतू. आणि बसवण्याआधीची रात्र फुलं सिलिका जेलच्या डब्यात. केशरी दाणे हिरवे पडले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा केशरी करून घ्यायचे.

एका तावदानाचा निकाल मात्र मी वेगळा ठेवला. नवरीने स्वतःसाठी घेतलेलं ते. कुठेही डाग नाही, धुकं नाही, पण गोकर्ण राखाडी झाला होता. ते तिने पश्चिमेच्या खिडकीत टांगलं होतं, रोज दुपारचं कडक ऊन. उन्हात अँथोसायनिन टिकत नाही आणि साध्या काचेतून रंग उडवणारे किरण बरेचसे आत येतातच. मी दुसरं देऊ केलं. ती नको म्हणाली, आतल्या भिंतीवर हलवते म्हणाली. आता प्रत्येक पुडक्यात चिठ्ठी असते: उन्हात टांगू नये, धुऊ नये. लोक वाचतात की नाही, देव जाणे.

३७ क्रमांकाचं तावदान मी मोडलं नाही. कामाच्या पाटासमोर खिळ्याला लावलंय. नवीन मुलगी शिकायला आली की तिला तो गुलाबी कोपरा दाखवते आणि विचारते, हे पाणी कुठून आलं सांग.

यंदाच्या मेमध्ये आम्ही पहाटे साडेपाचला गच्चीवरच्या खोलीत बसायचो. खाली अंगणात सासूबाईंचा कुरडयांचा चीक शिजत असायचा. अकराच्या सुमाराला ऊन चटके द्यायला लागलं की त्या जिन्याखालून ओरडायच्या, "झालं का गं तुमचं? लावू का आता कूलर?" शेवटच्या तावदानाला पट्टी गुंडाळून झाल्याशिवाय आम्ही हो म्हणायचो नाही.